लाउरा बास्सी : आठ लेकरांची आई, विद्यापीठाची प्राध्यापिका



मागच्या महिन्यात एक तरुण आई बाळाच्या बाप्तिस्म्याचा अर्ज भरायला चर्चच्या ऑफिसात आली होती. बाळ मांडीवर झोपलेले, पिशवी खांद्याला अडकवलेली. बाळाचे नाव, जन्मतारीख, गॉडफादर, गॉडमदर हे सगळे तिने भराभर लिहिले. आईचा व्यवसाय या रकान्यापाशी मात्र पेन थांबले. एम.एस्सी.चे पहिले वर्ष झाले होते, दुसरे बाळंतपणात राहून गेले होते आणि नोकरीही सुटली होती. थोडा वेळ विचार करून तिने काही नाही असे दोन शब्द लिहिले आणि कागद आमच्यापुढे सरकवला. आम्ही सही केली, शिक्का मारला. ती गेल्यावर ते दोन शब्द मनातून जाईनात.

त्या वेळी तिला काय सांगावे ते आम्हाला सुचले नाही. धर्मगुरूला बाळंतपणाचा अनुभव नसतो. त्याने या विषयावर उपदेश सुरू केला की बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन हसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून उपदेश न करता आज एका बाईची हकिकत सांगतो. तिचे नाव लाउरा बास्सी. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पदवीही त्याच विषयाची घेतली. त्या काळच्या आमच्या वह्यांत तत्त्ववेत्त्यांची नावे ओळीने आहेत, पण त्यांत एकही बाई नाही. लाउराला आम्ही पुष्कळ उशिरा भेटलो. तिचीही पदवी तत्त्वज्ञानाचीच होती.

लाउराचा जन्म १७११ साली ऑक्टोबरच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या शहरात झाला. बोलोन्या त्या काळी पोपमहोदयांच्या राज्यात होते. तिथले विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने, त्याची स्थापना १०८८ची मानतात. लाउराचे वडील वकील होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण फार श्रीमंत नव्हे. नात्यातल्या एका फादरांनी तिला लहानपणी लॅटिन शिकवले. आई वरचेवर आजारी असे, म्हणून डॉक्टरांचे घरी येणे-जाणे होते. हे डॉक्टर गाएतानो ताक्कोनी विद्यापीठात शिकवत असत. पोरगी हुशार आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि तेराव्या वर्षापासून पुढे सात वर्षे त्यांनी तिला घरीच तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि निसर्गविज्ञान शिकवले. हे शिक्षण जवळजवळ गुपचूप चालले होते. मुलींसाठी विद्यापीठाचे दार उघडे नव्हते.

गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. शहरातले विद्वान तिला भेटायला घरी येऊ लागले. त्या वेळी बोलोन्याचे आर्चबिशप होते कार्डिनल प्रॉस्पेरो लांबेर्तिनी. मोठे कायदेपंडित, विनोदी स्वभावाचे आणि विद्येची मनापासून आवड असलेले. त्यांनीही या मुलीची बुद्धी पाहिली आणि तिने पुढे यावे असे त्यांना वाटले.

मग १७३२ हे वर्ष उजाडले. मार्चमध्ये बोलोन्याच्या विज्ञान अकादमीने तिला सभासद करून घेतले. १७ एप्रिलला नगरभवनात भरगच्च सभेपुढे तिने ४९ प्रमेयांचे लॅटिनमधून समर्थन केले. पाच प्राध्यापक एकामागून एक तिला प्रश्न विचारत होते, आणि कार्डिनल, सरदार, विद्यार्थी ऐकत होते. लाउरा तेव्हा वीस वर्षांची होती. १२ मे रोजी तिला पदवी देण्यात आली. बोटात अंगठी, खांद्यावर मऊ लोकरीचे मानाचे वस्त्र आणि डोक्यावर चांदीच्या पानांचा मुकुट. आमच्या पदवीदानाला कुणी साधी टोपीही घातली नव्हती, तो भाग वेगळा! तिच्या सन्मानार्थ पदक पाडण्यात आले, कवींनी कविता केल्या, आणि ग्रीक-रोमन पुराणातल्या विद्येच्या कुमारी देवतेवरून तिला बोलोन्याची मिनर्व्हा म्हणू लागले. तिच्या आधी १६७८ साली पादुआ येथे एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला तत्त्वज्ञानाची पदवी मिळाली होती. पण लाउराचे प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराच्या सिनेटने वर्षाला ५०० लिरा पगारावर तिची विद्यापीठात प्राध्यापिका म्हणून नेमणूक केली. डिसेंबरमध्ये तिने पहिले व्याख्यान दिले, विषय होता पाणी.

इथपर्यंतची हकिकत एखाद्या सत्कार समारंभात सांगायला छान आहे. पण पगारी नेमणुकीला एक अट होती. लाउरा बाई असल्यामुळे तिने रोज वर्ग घ्यायचा नाही, वरिष्ठांनी बोलावले तरच व्याख्यान द्यायचे. म्हणजे पद होते, पगार होता, वर्ग मात्र नव्हता. बोलावणे यायचे ते बहुतेक शोभेसाठी. कुणी राजपुत्र शहरात आला की लाउराला उभे करायचे. कार्निव्हलच्या दिवसांत शरीरशास्त्राचे जाहीर विच्छेदन होई, त्याला शहर लोटत असे, तिथल्या वादात तिने भाग घ्यायचा. एखाद्या सरदाराच्या घरी लग्न निघाले की तिने कविता करायची. घरात देव्हाऱ्याशेजारच्या काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठीचा उंची टी-सेट ठेवलेला असतो, तशी शहराने तिची अवस्था करून ठेवली होती. दिसायला सर्वांना, वापरायला कधीतरी.

अशा वेळी दुसरे कुणी त्या मानावर आयुष्य काढले असते. लाउराने मात्र पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे ठरवले. गणित कच्चे आहे हे तिला जाणवत होते, म्हणून पदवी मिळाल्यानंतर ती गाब्रिएले मानफ्रेदी या गणितज्ञाकडे वरच्या पातळीचे गणित शिकली. न्यूटनचे नवे विज्ञान तिला खुणावू लागले होते. जुने गुरू ताक्कोनी यांना ती दिशा पसंत नव्हती आणि त्यावरून दोघांत अंतर पडले. ज्याने हात धरून शिकवले त्याच्याशी मतभेद होणे किती जड जाते, हे सेमिनरीत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको.

७ फेब्रुवारी १७३८ रोजी लाउराने जुझेप्पे व्हेरात्ती यांच्याशी लग्न केले. ते डॉक्टर होते, विद्यापीठात शिकवत होते आणि भौतिकशास्त्राचे वेड त्यांनाही होते. या लग्नाने शहरात गहजब झाला. मिनर्व्हा देवी कुमारी, तिने लग्न कसे करावे? चहाडखोरांच्या तोंडाला कुलूप नसते. टवाळीच्या कविता निघाल्या. कालपर्यंत जे तिचे गुणगान करत होते त्यांच्यापैकी काहींना वाटले की आता संपले, पाळणा हलला की पुस्तके माळ्यावर जाणार. लाउराने एका विद्वान स्नेह्याला पत्र लिहून आपली बाजू सांगितली. त्या पत्राचा मथितार्थ असा की तिने आपल्याच विद्येच्या वाटेवर चालणारा जोडीदार निवडला होता, आणि हा माणूस आपल्याला त्या वाटेवरून मागे ओढणार नाही याची तिला दीर्घ ओळखीमुळे खात्री होती. रूप, घराणे, मालमत्ता यांचा हिशेब त्यात नाही. विवाहाआधीच्या तयारीवर्गाला येणाऱ्या मुलामुलींना आम्ही पुष्कळ प्रश्न विचारतो. लाउराचा प्रश्न आमच्या यादीत नव्हता, तो आता घातला आहे.

लग्नाच्या वर्षीच पहिले मूल झाले. मग एकामागून एक पाळणा हलतच राहिला. काही जुन्या पुस्तकांत तिला बारा मुले होती असे म्हटले आहे, परंतु बाप्तिस्म्याच्या नोंदींत आठच सापडतात. चर्चची वही या बाबतीत पुस्तकांपेक्षा भरवशाची, असे आम्ही थोड्या अभिमानाने म्हणू. आठांपैकी पाच मोठी झाली, तीन लहानपणीच गेली. धाकटा पाओलो १७५३चा. म्हणजे साधारण पंधरा वर्षे लाउराच्या घरात कायम कुणीतरी रांगत होते किंवा पोटात होते, आणि तीनदा त्या घरातून लहानगी शवपेटी बाहेर पडली. या तीन मृत्यूंविषयी चरित्रकार एका ओळीत बोलतात आणि पुढे जातात. ज्या आईने हे सोसले आहे तिला ती ओळ पुरेशी नाही हे कळेल.

आणि तरी कामाच्या दृष्टीने पाहिले तर लाउराची भरभराट झाली ती याच पंधरा वर्षांत आणि त्यानंतर. हे कसे झाले?

एक कारण विचित्र वाटेल पण खरे आहे. अविवाहित तरुणीच्या घरी पुरुष विद्वानांनी जमणे त्या समाजात बरे दिसत नसे. लग्न झाल्यावर तिच्या घराचे दार उघडले. नवरा-बायको दोघेही त्याच विषयातले, तेव्हा त्यांच्याकडे विद्यार्थी आले, पाहुणे आले, तर कुणी बोट दाखवू शकत नव्हते. ज्या लग्नाने तिची विद्या बुडणार असे लोक म्हणत होते, त्याच लग्नाने तिला विद्यापीठात न मिळालेला वर्ग मिळवून दिला.

नियमित वर्ग घेऊ द्यावा अशी मागणी तिने सिनेटकडे लग्नानंतरही केली होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा १७४९ पासून तिने आपल्या राहत्या घरातच प्रायोगिक भौतिकशास्त्राची शाळा सुरू केली. विद्यापीठात त्या काळी हा विषय प्रयोग करून शिकवला जात नव्हता. विद्यार्थी ऐकून घेत, पाठ करत, हाताने काही करत नसत. लाउराच्या घरी हवा काढून घेणारे पंप होते, भिंगे होती, विजेची यंत्रे होती. वर्षातले आठ महिने रोज तास आणि रोज प्रयोग. यंत्रांचा खर्च बहुतांशी तिच्याच पदरचा. सुरुवातीला तरुण मुले येत, पुढे जाणती माणसे आणि परदेशी पाहुणेच अधिक येऊ लागले, असे तिने १७५५च्या एका पत्रात रोममधल्या स्नेह्याला कळवले आहे. त्या पत्राचा हेतू सरळ होता. एवढे काम करते आहे तर पैसे वाढवून द्या. तिने मागितले आणि मिळवले. पुढे तिचा पगार विद्यापीठातल्या मोठ्या पगारांत गणला जाऊ लागला. आपल्याकडच्या भगिनी चर्चमध्ये, शाळेत, बचत गटात वर्षानुवर्षे राबतात आणि पैशाचे नाव काढायला लाजतात. लाउरा लाजत नव्हती.

दरम्यान कार्डिनल लांबेर्तिनी १७४० साली पोप झाले होते, नाव घेतले चौदावे बेनेडिक्ट. १७४५ मध्ये त्यांनी बोलोन्याच्या अकादमीत चोवीस निवडक संशोधकांचा एक पगारी गट स्थापन केला. या संशोधकांनी दरवर्षी एक नवा प्रबंध वाचलाच पाहिजे असा नियम होता. चोवीसांत लाउराचे नाव नव्हते. ती गप्प बसली नाही. रोममधल्या ओळखीच्या माणसांमार्फत तिने आपली बाजू पोपमहोदयांपर्यंत पोचवली. अकादमीतल्या अनेकांना ती नको होती. पोपमहोदयांनी मधला मार्ग काढला आणि तिला पंचविसावी जादा सभासद म्हणून घेतले. मतदानात मात्र इतरांइतका हक्क तिला मिळाला नाही. आमच्या मते हा तोडगा अर्धाच न्याय होता. पोपमहोदयांविषयी आदर ठेवूनही हे म्हणायला हरकत नसावी. पण लाउराने त्या अर्ध्या जागेचे सोने केले. १७४६ पासून १७७७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत, तिने सुमारे तीस प्रबंध अकादमीपुढे वाचले. हवेचा दाब, द्रवांतले बुडबुडे, वाहत्या पाण्याचे गणित, वीज असे विषय होते. त्यांतले छापून आले फक्त चार, आणि त्यांतला एक तिच्या मृत्यूनंतर.

फक्त चार! छापील कागद मोजून माणसाची उंची ठरवणाऱ्याला लाउरा बास्सी फारशी मोठी वाटणार नाही. तिच्या नावावर न्यूटनसारखा नियम नाही, मोठा शोध नाही. मिलानची मारिया गाएताना आन्येसी हिने गणितावर दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. तिलाही याच पोपमहोदयांनी १७५० साली बोलोन्यात पद देऊ केले होते, पण ती तिथे गेली नाही. वडिलांच्या निधनानंतर तिने गणित सोडून गोरगरिबांची आणि आजाऱ्यांची सेवा पत्करली. तीही एक थोर बाई. दोघींचे हिशेब वेगळे, आणि कुणाचा बरोबर असे आम्ही ठरवणार नाही. सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटल शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती : माणसाच्या आयुष्याचे भले झाले की नाही हे एका दिवसावरून ठरत नाही, त्याला पूर्ण आयुष्याची लांबी लागते. १२ मे १७३२ हा लाउराचा सर्वांत झगमगता दिवस होता, पण पुढची शेहेचाळीस वर्षे तिने तो दिवस पुन्हा आणण्याच्या खटपटीत घालवली नाहीत.

तिची खरी कमाई तिच्या घरातून बाहेर पडलेल्या माणसांत दिसते. लाझ्झारो स्पाल्लांझानी हा तिच्या नात्यातला तरुण बोलोन्यात कायदा शिकायला आला होता. लाउराच्या सहवासात त्याला विज्ञानाची गोडी लागली. पुढे तो धर्मगुरू झाला आणि युरोपातील नामांकित जीवशास्त्रज्ञही. उकळलेल्या रस्स्यात जंतू आपोआप जन्मत नाहीत हे दाखवणारे, वटवाघूळ अंधारात डोळ्यांवाचून कसे उडते याचा शोध घेणारे फादर स्पाल्लांझानी ते हेच. आलेस्सांद्रो व्होल्टा, ज्याच्या नावाने आज आपण विजेचे व्होल्ट मोजतो, त्यानेही तरुणपणी आपले लेखन तिच्याकडे पाठवले होते. आणि व्हॉल्तेअर! चर्चवर आयुष्यभर कोरडे ओढणारा हा फ्रेंच लेखक, पण १७४४ साली बोलोन्याच्या अकादमीत प्रवेश मिळावा म्हणून त्याने पत्र लिहिले ते लाउराला. लंडनमध्ये न्यूटन झाला असला तरी तिथे लाउरा बास्सी नाही, असा त्याच्या आर्जवाचा सूर होता. पुढच्या वर्षी त्याला सभासदत्व मिळाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लाउराची हकिकत वाचून कुणी आपल्या सुनेला किंवा बायकोला बघ, आठ मुले सांभाळून तिने केले, तुला एक जमत नाही, असे म्हणणार असेल तर त्याने हा अंक खाली ठेवावा. लाउराला पगार होता. तिचे काम तिच्या घरातच चालत होते, त्यामुळे तिला पहाटेची लोकल पकडावी लागत नव्हती. पोपमहोदय तिच्या बाजूचे होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, नवरा तिच्या बाजूचा होता. व्हेरात्ती स्वतः विद्वान होते, विजेचा औषधोपचारात उपयोग होतो का यावर त्यांचे पुस्तक १७४८ साली निघाले होते. पण बायकोचे नाव आपल्यापेक्षा मोठे आहे, पाहुणे तिला भेटायला येतात, हे त्यांनी चाळीस वर्षे पाहिले आणि ते तिच्याबरोबर काम करत राहिले. असा माणूस त्या काळी विरळा, आणि आजही मिस्साला येणाऱ्या पुरुषांत किती निघतील हे प्रत्येकाने घरी जाऊन विचारावे. स्वतःला नव्हे, बायकोला.

१७७२ साली बोलोन्याच्या विज्ञान संस्थेतील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे पद रिकामे झाले. लाउराच्या घरी हा विषय वीस वर्षांहून अधिक काळ शिकवला जात होता. तरी निर्णयाला चार वर्षे लागली. एक सोपा मार्ग होता, व्हेरात्तींना पद द्यायचे आणि लाउराने मदतनीस व्हायचे. तसे झाले नाही. १७७६ साली लाउराची त्या पदावर नेमणूक झाली आणि तिचे साहाय्यक म्हणून नेमले गेले तिचे पती. लाउरा तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. जो वर्ग विसाव्या वर्षी नावापुरता मिळाला होता, तो असा हाती आला.

तिला तो फार दिवस लाभला नाही. २० फेब्रुवारी १७७८ रोजी तिचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी तिच्या मस्तकावर पुन्हा तो चांदीचा पानांचा मुकुट ठेवला होता, आणि अकादमीतले सहकारी शवपेटीबरोबर होते. तिच्यामागे व्हेरात्तींनी तो विषय शिकवला आणि पुढे त्यांचा धाकटा मुलगा पाओलो यानेही. पाळण्यात असताना ज्याच्या कानावर यंत्रांची खडखड पडली होती, तोच हा पाओलो.

लाउराला बोलोन्यातील कोर्पुस दोमिनी म्हणजे प्रभूच्या शरीराच्या चर्चमध्ये पुरले आहे. हे क्लारिस्ट भगिनींचे चर्च. संत कॅथरिन ऑफ बोलोन्या यांचा देह शतकानुशतके इथल्या छोट्या प्रार्थनालयात खुर्चीवर बसवलेल्या स्थितीत ठेवलेला आहे आणि भाविक दर्शनाला येतात. विजेच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेले लुईजी गाल्वानी यांची कबरही याच चर्चमध्ये आहे. शहरात लाउराच्या नावाचा एक रस्ता आहे आणि त्याच्या पाटीवर तिची माहेरची आणि सासरची दोन्ही आडनावे आहेत, बास्सी आणि व्हेरात्ती. आपल्या धर्मग्रामातून रोमच्या यात्रेला जाणारे बहुतेक जण फ्लॉरेन्सहून व्हेनिसला आगगाडीने जातात, ती गाडी बोलोन्यावरूनच जाते. स्टेशनपासून चर्चपर्यंत पायी पोहोचता येते, आणि ज्यांच्या गाठीला एखादी सकाळ असेल त्यांनी अवश्य उतरावे. ऑफिसात आलेल्या त्या आईला आम्ही हे सांगणार आहोत. बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे.